बाळव्वाची जागा

“माझ्या पोरीला देवी करू नकासा, बाई. देवी झाली की ती गावाची. मग मी तिला काय म्हणून हाक मारू?”

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या रानाकडेच्या एका गावात, फणसाखाली बसून एका आईनं मला हे विचारलं. आमच्यासमोर गुडघ्याएवढा शेंदूर माखलेला दगड होता. भोवती हिरव्या बांगड्या, गोकाकच्या लाकडी खेळण्यांतला एक पोपट, खानापूरच्या लाल मातीची बोळकी, प्लॅस्टिकच्या बाहुल्या, बिस्किटांचे पुडे, आणि फणसाच्या फांदीला टांगलेले वीतभर लांबीचे पाळणे. त्या दगडाखाली तिची साडेचार वर्षांची मुलगी आहे.

या गावच्या मराठी शाळेत मी अकरा वर्षं शिकवलं. मुलीचा थोरला भाऊ माझ्या वर्गात होता. ती अंगणवाडीतून पळून यायची आणि दप्तराला टेकून त्याच्या शेजारी बसायची. तेव्हा मी या प्रकरणात त्रयस्थ नाही, हे आधीच सांगते. लिहायची परवानगी घरच्यांनी दिली आहे. गाव आणि घर ओळखू येईल असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत. “बाळव्वा” ही लोकांनी दिलेली हाक तेवढी ठेवली आहे, कारण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आषाढातली रात्र

लावणीचे दिवस होते. मलप्रभेच्या उगमाकडचा हा पट्टा, आषाढात पाऊस दिवसदिवस उघडत नाही. दिवसभर चिखलात वाकलेली माणसं जमिनीवर अंथरूण टाकून मेल्यासारखी झोपली होती. पहाटे तीनच्या सुमाराला मुलगी रडत उठली. पोटात दुखतंय म्हणाली, मग घसा दुखतोय म्हणाली. अंगावर जखम नाही, सूज नाही. आजीनं ओवा आणि मीठ चावायला दिलं, मीठमोहरी उतरून टाकली. पोर थोडी शांत झाली तसं सगळ्यांना बरं वाटलं.

तांबडं फुटायच्या आत तिच्या पापण्या मिटायला लागल्या. झोप आली असेल असं आईला वाटलं. पण हाक मारली तर डोळे उघडत नव्हते, आणि उत्तर बोबडं येत होतं. आजोबा म्हणाले, हे बाहेरचं आहे. शेजारच्या वाडीतल्या देवर्षीकडं नेलं. त्यानं लिंबू उतरवलं, अंगारा लावला, थोडा वेळ वाट बघा म्हणाला. तिथं तास गेला. मग भाड्याची जीप मिळेपर्यंत आणखी वेळ. बेळगावच्या वाटेवर तिचा श्वास थांबला. डॉक्टरांनी कानामागचे केस बाजूला करून दोन बारीक टिपके दाखवले, टाचणी टोचल्यासारखे.

मण्यार. आमच्याकडं काही जण कांडर म्हणतात. नाग फणा काढतो, घोणस शिट्टीसारखा फुत्कार टाकते. मण्यार काहीच करत नाही. रात्री उंदराच्या मागावर घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दुखत नाही, सूजत नाही. विष नसांवर काम करतं: पोटदुखी, घसा आवळणं, पापण्या पडणं, मग बोलणं, मग श्वास. वेळेत लस आणि गरज पडली तर कृत्रिम श्वास मिळाला की माणूस उठून घरी येतो. भारतात विकली जाणारी सर्पदंशाची लस एकच, आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर चालते. कुठला साप चावला ते ओळखता आलं नाही म्हणून लस अडत नाही, हे मी शाळेत सांगत असे. त्या घरातला मुलगाही माझ्याच वर्गात बसत होता. पण पापण्या पडणं हेही दंशाचं लक्षण आहे, हे मी कधी सांगितलं नव्हतं. मला स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला साधारण 58,000. त्यातली पावापेक्षा जास्त पंधरा वर्षांखालची मुलं होती. कर्नाटकानं फेब्रुवारी 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद सरकारकडं करणं दवाखान्यांना बंधनकारक केलं. आमची मुलगी त्याच्या कितीतरी आधी गेली. गावात कुणी “साप चावला” म्हणतही नाही. “पान लागलं” म्हणतात, जनावराचं नाव घेतलं की ते ऐकतं म्हणून. ज्याचं नावच घ्यायचं नाही त्याच्याबद्दल पोराबाळांना सावध तरी कसं करणार?

जिच्यासाठी कावळा बोलावला नाही

मुलीला अग्नी दिला नाही. दुधाचे दात पडले नाहीत त्या लेकराला पुरायचं, ही गावाची रीत. दोन वर्षांच्या आतलं मूल सजवून गावाबाहेर स्वच्छ जमिनीत ठेवावं, अस्थी गोळा करू नयेत, असं मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही आहे. गावानं त्या दोन वर्षांची हद्द स्वतःच्या हिशेबानं दातांपर्यंत ओढली. शेताच्या बांधावर, फणसाखाली खड्डा काढला, मीठ घातलं, वर कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून काटे आणि दगड ठेवले. तिसऱ्या दिवशी दूध ओतलं. संपलं. दहावं नाही, तेरावं नाही, पिंड नाही, म्हाळात पान नाही.

मोठं माणूस गेलं की दहाव्या दिवशी पिंड ठेवून सगळे कावळ्याची वाट बघत उभे राहतात. कावळा शिवेना, की घरातलं कुणीतरी पुढं होऊन बोलतं: धाकट्याचं लग्न लावून देतो, विहीर पुरी करतो, भावाशी भांडणार नाही. शिवला की सगळ्यांचा जीव खाली पडतो. गेलेल्याचं काय राहिलं होतं ते कळलं, आणि आपण ते कबूल केलं. आजी मला म्हणाली, “मोठ्या माणसाला कावळा तरी इचारतो, पोरी. लेकराचं राहिलेलं कोण इचारणार?”

माझ्या मते या प्रकरणाची सगळी मेख या वाक्यात आहे. लेकराला क्रियाकर्म नको, कारण त्याला पाप नाही, असं भटजी समजावतात. शास्त्राच्या बाजूनं ते बरोबर असेल. पण घरच्यांच्या बाजूनं बघा: ज्या मरणाचं दुःख सगळ्यांत जास्त, त्याच मरणाला बसायला घरात पाट नाही. आणि या घरात दुःखासोबत देवर्षीच्या अंगणात गेलेला तो तासही होता. त्याबद्दल कुणी कुणाला काही बोललं नाही. आजोबांनी तर त्यानंतर महिनाभर कुणाशीच बोलणं टाकलं.

मुलीचं एक राहिलेलं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लावणी संपली की बेळगावच्या बाजारातून कुंदा आणायचं आजीनं तिला कबूल केलं होतं. पहिल्या अमावस्येला आजीनं मुलाकरवी पावशेर कुंदा आणवला आणि वाटीत घालून दगडापाशी ठेवून आली. बाळव्वाच्या जागेची सुरुवात ही अशी झाली. चमत्कार अजून कुणाच्या डोक्यातही नव्हता.

पावली कशी

मुलीच्या आईची धाकटी जाऊ सासूबरोबर जायला लागली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. ती दगडाशी बसायची, केस विंचरल्यासारखा हात फिरवायची. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. त्याआधी वर्षभर ती बेळगावच्या एका डॉक्टरीणबाईंकडं उपचार घेत होती, हे घरात माहीत होतं. पण गोष्ट घराबाहेर पडली तेव्हा तो भाग घरातच राहिला. मग एका शेजाऱ्याची तीन दिवस हरवलेली म्हैस फणसाखाली उभी सापडली. मग सुगीत एका मजूर बाईनं भाताची पेंढी उचलली, खाली नाग होता, तो सरळ निघून गेला. बाई म्हणाली, सकाळी मी बाळाला हात जोडले होते.

इथून गोष्टीला पाय फुटले. मुलगी ज्यानं गेली त्याच्यावरच आता तिची सत्ता आहे, असं लोकांनी ठरवलं. “बाळाच्या शिवारात पान लागत न्हाई.” काळे दोरे आले. चंदगडकडून माणसं आली, बैलहोंगलकडून कन्नड बोलणारी आली. दगडाला हळद-कुंकू, मग शेंदूर लागला, आणि नाव पडलं बाळव्वा. अव्वा म्हणजे कन्नडमध्ये आई. साडेचार वर्षांच्या पोरीला लोक आई म्हणू लागले, आणि तिच्या आईला कुणीतरी “बाळव्वाची आई” म्हणून नमस्कार केला. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही.

अशी जागा आपल्या मुलखाला नवी नाही. वीरगळ हा शब्दच कन्नडमधून आलेला आहे, त्यातला “गळ” म्हणजे कल्लु, दगड. गाई वाचवताना किंवा लढताना अवेळी मेलेल्यांचे हे दगड या भागात देवळांच्या आवारात जागोजाग दिसतात. लग्नाआधी गेलेला भाऊ ‘वीर’ होऊन टाकाच्या रूपानं देवघरात बसतो. मुंज होऊन सोडमुंजीआधी गेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. त्याला लोक भितात, आणि नवसही बोलतात. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडला 26 जानेवारी 1831 रोजी फाशी दिली. त्याच्या समाधीजवळच्या वडाला आज मूल व्हावं म्हणून बायका पाळणे बांधतात. अवेळी गेलेला माणूस दुसऱ्यांचा संसार फुलवतो. आमच्या फणसावरचे पाळणे बहुधा नंदगडच्याच वडाला बघून आले असावेत.

पण गेलेल्या मुलीसाठी या यादीत जागा नव्हती. वीर मुलगा, मुंजा मुलगा. आजीनं आधी तिला साती आसरांत बसवून बघितलं. पण आसरा पाण्याच्या, विहिरी-डोहाच्या. ही तर पाण्यात गेली नव्हती. शेवटी तिची जागा वेगळीच करावी लागली.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनातल्या ला रिओखा प्रांतात व्हिया उनियोन नावाचं गाव आहे. तिथं मिगेल आंखेल गायतान हे बाळ 1967 साली, पहिल्या वाढदिवसाच्या थोडं आधी, मेनिंजायटिसनं गेलं. पुढं त्याचा देह न कुजलेला सापडला, आणि आज तो काचेच्या झाकणाच्या पेटीत आहे. लोक त्याला खेळणी, कपडे, छोट्या गाड्या वाहतात आणि चमत्कारी देवदूत म्हणतात. तिकडच्या कॅथलिक लोकांत अशी समजूत आहे की बाप्तिस्मा झालेलं निष्पाप मूल थेट स्वर्गात जातं आणि देवाजवळ आपल्यासाठी शब्द टाकतं. खेळणी इथंही आणि तिथंही, म्हणून मला आधी दोन्ही एकच वाटलं होतं. आता वाटत नाही. तिथलं मूल पावतं कारण ते निर्मळ आहे, देवाच्या जवळ आहे. आमचं मूल पावतं कारण त्याचं काहीतरी राहिलं आहे, आणि ते अजून आपल्या जवळ आहे. तिथं मागणी वर जाते. इथं आधी देणं आहे: कुंदा, बांगड्या, बाहुली. ज्याचं राहिलेलं आपण पुरं केलं, ते मूल आपलं राहिलेलं पुरं करेल, असा हा व्यवहार आहे. कावळ्यानं न विचारलेला प्रश्न गावानं दगडाला विचारायला घेतला.

जागा कुणाची

मग पैसे आले. नवस फेडणारे दगडाशी नोटा ठेवू लागले. भाऊबंदांतल्या चौघांनी ठरवलं की चौथरा बांधू, पत्र्याचं छप्पर टाकू, दानपेटी ठेवू, माघात यात्रा भरवू. त्यांना मी वाईट म्हणत नाही. त्यांतल्या एकानं स्वतःची दोन गुंठे जमीन द्यायची तयारी दाखवली होती. पण दगड बांधावर, बांधाची तक्रार जुनी, आणि देऊळ झालं की बांध कुणाकडं सरकणार हे न बोलताही सगळ्यांना कळत होतं. आजोबा गप्प राहिले. आजीला देऊळ हवं होतं. “तिच्या डोस्क्यावर पाऊस पडतोय की गा,” एवढंच तिचं म्हणणं.

आई एकटी आडवी आली. पोरीची आठवण पुसली जाईल एवढीच तिची भीती नव्हती. ती मला एकदा भाताच्या खाचरात उभ्याउभ्या म्हणाली, “माझी पोर पानानं गेली, आन् आमी येळ घालवला म्हणून गेली. आता तिच्याच नावानं लोकं हितं येळ घालवणार. ते पाप कुणाच्या माथ्यावर?”

मी तेव्हा तिला चुकीचा सल्ला दिला. म्हटलं, दगडच काढून टाका, सगळं मिटेल. कायद्याचंही बोलले. अमानुष प्रथा आणि जादूटोण्याविरुद्ध कर्नाटकचा 2017 चा कायदा जानेवारी 2020 पासून लागू आहे. दंश झालेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. महाराष्ट्राचा तसा कायदा 2013 चा. पण इथं अडवणारा कोण होता? मांत्रिक नव्हता, पैसे मागणारा नव्हता. एक दगड होता आणि घाबरलेली माणसं होती. आईनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दगूड काढला की खाली काय हाय ते तुमास्नी ठावं हाय न्हवं, बाई?” मला मान वर करता आली नाही.

तिला भीती होती ते भाद्रपदात झालं. शेजारच्या गावचा बारा वर्षांचा मुलगा गवत कापताना घोणशीच्या तोंडात गेला. पाय पोटरीपर्यंत सुजलेला, दातांच्या खुणांतून रक्त थांबत नव्हतं. चुलते त्याला उचलून आधी फणसाखाली घेऊन आले. पोटरीला काळा दोरा करकचून बांधला, दगडाजवळची माती जखमेवर दाबली, नारळ फोडायला घेतला. मुलगा ओरडत होता. आई पलीकडच्या तुकड्यात होती. ती विळा टाकून धावत आली, दोरा कापला, आणि ओरडली, असं लोक सांगतात, की शिवारभर ऐकू गेलं: “तिच्याकडं काय बी न्हाई! तिला बी हेच झालंतं! दवाखाना गाठा!” तिच्या दिरानं मोटरसायकल काढली. मुलाला मध्ये बसवून, मागून चुलत्यानं धरून खानापूर गाठलं. लस मिळाली. पुढं त्याला बेळगावला हलवावं लागलं, करंगळीजवळची कातडी गेली, पण पोर वाचलं. आता तो नववीत आहे.

गावात दुसऱ्या दिवशी काय बोललं गेलं असेल? बाळव्वानं वाचवलं.

आई संतापली. सासूसमोर म्हणाली, “तिनं न्हाई वाचवलं आत्ती, मी बी न्हाई. औषधानं वाचवलं.” आजी चुलीपुढं बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “व्हय, औषधानंच. पर तुला तितं उभं कुणी केलं? तिचं तसं झालं नसतं तर तू वरडली असतीस व्हय?”

आईकडं याला उत्तर नव्हतं. मी समोर होते, माझ्याकडंही नव्हतं. नंतर पुष्कळ विचार केला. सासू चमत्काराबद्दल बोलत होती आणि सून कारणाबद्दल, एवढं म्हणून मला ते प्रकरण मिटवता येत नाही. त्या सकाळी मुलगा वाचला याचं एक कारण खरोखरच ती मुलगी आहे.

अमावस्येचा पहारा

त्या आठवड्यात आईनं भाऊबंदांना घरी बोलावलं आणि आपलं म्हणणं सांगितलं. चौथरा नाही, छप्पर नाही, पेटी नाही, यात्रा नाही. पैसा कुणी ठेवला तर परत द्यायचा. वस्तू ठेवल्या तर लेकराच्या उपयोगाच्या ठेवायच्या, आणि महिन्याला त्या अंगणवाडीत जातील. दोरा मिळणार नाही. आजीनं एकच अट घातली, अमावस्येचा कुंदा चालू राहील. ती मान्य झाली. आजोबांनी वर्षांनंतर पहिल्यांदा बैठकीत तोंड उघडलं आणि म्हणाले, देवर्षीकडं न्यायला मी सांगितलं होतं. त्यावर कुणी काही बोललं नाही. धाकट्या सुनेनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. चौघांतल्या दोघांनी त्या घराशी येणंजाणं तोडलं. शेंदूर अजून कुणीतरी लावून जातं. काळे दोरे आता दुसऱ्या वाडीत मिळतात, म्हणे बाळव्वाच्याच नावानं. पण दर अमावस्येला आई सकाळपासून फणसाखाली बसते. येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, काय झालंय? ताप म्हणाले तर, दवाखान्यात दाखवलंसा काय? मूल होत नाही म्हणाले तर, दोघांची तपासणी केली काय? बऱ्याच बायका तिच्यापाशी नुसत्या बसून राहतात. त्यांतल्या काहींनी आपली लेकरं गमावली आहेत, तीही अशीच कुठंतरी बांधावर आहेत, आणि त्यांच्याबद्दल बोलायला त्यांना दुसरी जागा नाही. त्या बायकांकडं बघून, दगड काढायचा सल्ला दिल्याची मला लाज वाटते.

फणसाला आता पत्र्याची पाटी आहे. मजकूर मी लिहून दिला. वर मराठीत: “पान लागलं तर इथं थांबू नका. दोरा बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. पाय हलवू न देता दवाखान्यात न्या. रात्री पोट किंवा घसा दुखून पापण्या पडत असतील, तरीही न्या.” खाली तेच कन्नडमध्ये: “हावु कच्चिदरे इल्लि निल्लबेडि.” पेंटर रंग घेऊन आला त्या दिवशी आजी काठी टेकत तिथं आली. वाचून दाखवा म्हणाली. वाचलं. मग म्हणाली, “शेवटाला आणि एक वळ घाला. लोकं देवी रुसंल म्हणून भित्यात.” तिनं सांगितली तशीच ओळ आम्ही घातली: “बाळव्वा थांबंल. तुमी जावा.”

मागच्या आषाढातल्या अमावस्येला मी संध्याकाळपर्यंत थांबले. माणसं गेली, पाऊस जरा उघडला. आईनं बाहुल्या आणि बांगड्या पिशवीत भरल्या, कुंद्याची वाटी दगडाशी सरकवली, आणि ओल्या दगडाजवळ तोंड नेऊन मुलीला तिच्या घरच्या नावानं हाक मारली. ते नाव मी इथं लिहीत नाही.